साठी, बुद्धी नाठी? : वऱ्हाडी ताट आणि वार्धक्यातील मेंदू

(ज्येष्ठ नागरिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'साठी, बुद्धी नाठी' ही म्हण मराठी घरांत इतक्या सहजपणे उच्चारली जाते की तिच्यातील निष्ठुरता कोणाच्या ध्यानातही येत नाही. वय झाले की बुद्धी जाणारच, त्यावर इलाज नाही, हे त्या म्हणीचे गृहीतक आहे. वयाबरोबर स्मरणाचा वेग मंदावतो, नाव ओठांवर येऊन अडखळते, हे खरे आहे. परंतु स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा अटळ धर्म नव्हे. तो आजार आहे, आणि त्याची कारणे बऱ्याच अंशी माणसाच्या जगण्याच्या पद्धतीत दडलेली असतात.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढील सुमारे 7.4 टक्के लोकांना, म्हणजे जवळजवळ 88 लाख ज्येष्ठांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने 2024 मध्ये बदलता येण्याजोगे 14 धोके सांगितले. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले घातक कोलेस्टेरॉल, स्थूलता, व्यायामाचा अभाव, कमी ऐकू येणे, दृष्टिदोष आणि एकाकीपणा ही त्यांतील काही नावे. हे सर्व धोके दूर करता आले, तर जगातील सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबणीवर पडेल, असा आयोगाचा निष्कर्ष आहे. या यादीतील निम्म्या गोष्टींची वाट स्वयंपाकघरातून जाते. त्या वाटेवरचा जो टप्पा आजवर फारसा कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हता, तो म्हणजे माणसाचे मोठे आतडे आणि त्यात वस्ती करून राहणारे जीवाणू.

पोटातील वस्ती

माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जीवाणू असतात, असा हिशेब 2016 मध्ये इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडला. शरीराच्या स्वतःच्या पेशींची संख्याही जवळपास तेवढीच आहे. यांतील बहुतेक जीवाणू मोठ्या आतड्यात राहतात. 'जंतू' हा शब्द ऐकला की रोगच आठवतो. पण ही वस्ती बहुतांशी निरुपद्रवी आणि बरीचशी उपकारक आहे. ज्वारीच्या कोंड्यातले, डाळीच्या सालीतले, पालेभाजीच्या देठातले जे तंतू माणसाला पचवता येत नाहीत, तेच या वस्तीचे अन्न होय. त्यांवर जगताना हे जीवाणू काही लहान मेदाम्ले तयार करतात. त्यांतील ब्युटिरेट नावाचे आम्ल आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन आहे. म्हणजे माणूस जेवतो, उरलेल्यावर जीवाणू जेवतात आणि त्यांनी तयार केलेल्या पदार्थावर आतड्याचे अस्तर पोसले जाते. एकाच ताटावर तीन पंगती उठतात.

आहार, आतडे आणि वार्धक्य यांचा संबंध जोडण्याचा पहिला मोठा शास्त्रीय प्रयत्न इल्या मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने केला. शरीराच्या प्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी 1908 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकरी आंबवलेले दूध पितात, याकडे त्यांनी लक्ष वेधले आणि स्वतःही ते रोज घेऊ लागले. दह्यातील जीवाणू आतड्यात कायमचे ठाण मांडतात ही त्यांची समजूत पुढे टिकली नाही. मात्र म्हातारपणाचे एक मूळ आतड्यात आहे, हा त्यांचा विचार शंभर वर्षांनी पुन्हा ऐरणीवर आला.

आतड्याकडून मेंदूकडे

आतडे आणि मेंदू यांच्यात अनेक मार्गांनी संवाद चालतो. पहिला मार्ग मज्जातंतूंचा. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचे जाळे आहे. व्हेगस नावाचा जाड मज्जातंतू पोटापासून मेंदूच्या बुडापर्यंत गेलेला असतो. त्यातील बहुतेक तंतू मेंदूकडून खाली आज्ञा नेत नाहीत, तर पोटातील वार्ता वर पोहोचवतात.

दुसरा मार्ग रक्ताचा. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक संरक्षक भिंत असते. रक्तातील नको ते पदार्थ ती अडवते. जन्मापासून जीवाणूविरहित ठेवलेल्या उंदरांत ही भिंत अधिक झिरपती असते, असे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये दाखवले. त्या उंदरांना जीवाणू दिल्यावर भिंत सुधारली. अशाच उंदरांत ताणाला मिळणारा शारीरिक प्रतिसाद अवाजवी तीव्र असतो, हे जपानमधील क्युशू विद्यापीठात 2004 मध्ये आढळले होते.

तिसरा आणि वार्धक्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मार्ग दाहाचा. वय वाढते तसा शरीरात एक मंद, न जाणवणारा दाह सुरू राहतो. चुलीतल्या राखेखाली निखारा धुमसावा तसा. आतड्यातील जीवाणूंना तंतू मिळेनासे झाले की काही जाती अस्तरावरील श्लेष्माचा संरक्षक थर खाऊ लागतात. अस्तर कमकुवत झाले की जीवाणूंचे तुकडे रक्तात उतरतात आणि निखारा फुलतो. त्याची झळ रक्तवाहिन्यांना बसते, इन्सुलिनच्या कार्याला बसते आणि मेंदूतील संरक्षक पेशींनाही बसते.

कंपवाताच्या आजारात हे नाते विशेष स्पष्ट दिसते. हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी अनेक रुग्णांना बद्धकोष्ठाचा त्रास असतो. हा आजार काही रुग्णांत आतड्याच्या मज्जापेशींत सुरू होऊन व्हेगसच्या वाटेने मेंदूत चढत असावा, अशी मांडणी जर्मन शास्त्रज्ञ हाइको ब्राक यांनी 2003 मध्ये केली. जुन्या काळी पोटातील व्रणासाठी व्हेगसचा मुख्य धागा कापण्याची शस्त्रक्रिया होत असे. तशी शस्त्रक्रिया झालेल्यांत पुढे कंपवाताचे प्रमाण कमी दिसले, असे डेन्मार्कच्या नोंदींवरील अभ्यासात 2015 मध्ये आढळले. बद्धकोष्ठ असलेल्या प्रत्येकाला कंपवात होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. परंतु 'पोट साफ नाही' ही ज्येष्ठांची तक्रार हसण्यावारी नेऊ नये, एवढा बोध त्यातून निश्चित निघतो.

एका छपराखाली तीन पिढ्या

वयाचा परिणाम वेगळा काढायचा, तर ताट सारखे हवे. परदेशात हे अवघड जाते. तेथे आजोबा एका गावी, नातू दुसऱ्या गावी. महाराष्ट्रातील संशोधकांना ही सोय एकत्र कुटुंबाने करून दिली. पुण्याचे डॉ. योगेश शौचे, डॉ. दिलीप रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच छपराखाली राहणाऱ्या दोन निरोगी कुटुंबांतील तीन-तीन पिढ्यांच्या आतड्यातील जीवाणू तपासले. स्वयंपाकघर एक, पाणी एक, रक्ताचे नाते एक. वेगळे होते ते वय. वयाबरोबर जीवाणूंच्या दोन मोठ्या गटांचे परस्परप्रमाण बदलत जाते, असे त्यात दिसून आले. कुटुंबे दोनच असल्याने मोठे सिद्धान्त त्यावर उभे करता येणार नाहीत. तथापि वार्धक्यात पोटातील वस्ती पालटते, याची भारतीय घरातील ही लक्षणीय नोंद आहे.

मग ही वस्ती केवळ वयामुळे पालटते की जगण्यामुळे? याचे उत्तर आयर्लंडमधील कॉर्क येथील अभ्यासाने दिले. तोही 2012 मध्येच 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 178 वृद्धांची त्यात तपासणी झाली. काही वृद्ध स्वतःच्या घरी राहत होते, तर काही दीर्घकालीन शुश्रूषागृहात. घरी राहणाऱ्यांचा आहार विविध होता आणि त्यांच्या आतड्यातील जीवाणूंच्या जातीही विविध होत्या. शुश्रूषागृहातील वृद्धांचे जेवण एकसुरी झाले होते, जीवाणूंच्या जाती घटल्या होत्या, शरीरातील दाह वाढला होता आणि अशक्तपणाही अधिक होता. संशोधकांच्या हाती लागलेला महत्त्वाचा धागा क्रमाचा आहे : शुश्रूषागृहात आल्यावर आधी ताट बदलते आणि जीवाणूंची वस्ती मागाहून बदलते.

या निष्कर्षाशी अमरावती-अकोल्याचा काय संबंध? येथील बहुसंख्य वृद्ध शुश्रूषागृहात नाहीत, स्वतःच्या घरात आहेत. परंतु ते घर कसे आहे, हे पाहायला हवे. अमरावतीचे रुक्मिणीनगर असो की अकोल्याचे जठारपेठ, चार खोल्यांच्या घरात दोनच माणसे राहतात. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूला किंवा सातासमुद्रापार. 'दोघांसाठी काय करायचे?' हा प्रश्न पडला की अंबाडीची भाजी प्रथम जाते, मग उसळ जाते, भाकरी थापणारे हात दुखू लागले की भाकरी जाते. उरते ती खिचडी. जोडीदार गेला की खिचडीही मागे पडते आणि चहा-टोस्ट, चहा-बिस्किट हेच रात्रीचे जेवण होते. घर स्वतःचे असते, माणूस स्वतःच्या गावात असतो. पण ताट मात्र शुश्रूषागृहातल्याहून दरिद्री झालेले असते. त्यातच 'या वयात हलकेच खावे' असा प्रेमळ उपदेश चहूकडून होतो. मऊ भात, साबुदाणा, मैद्याचा टोस्ट हे पोटाला हलके वाटते खरे. पण मोठ्या आतड्यातील वस्तीसाठी तो उपवासच असतो.

वऱ्हाडचे ताट

वऱ्हाडचे जुने ताट या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण किंवा पिठले, ज्वारीच्या कण्या आणि डाळ घालून शिजवलेली अंबाडी, जवसाची चटणी, कच्चा कांदा आणि ताक. हिवाळ्यात तुरीचे सोले, हरभऱ्याची भाजी, भरीत आणि हुरडा. गरिबाघरचे म्हणून गणले गेलेले हे जेवण तंतूंनी आणि विविधतेने समृद्ध होते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात; चोकरासह गव्हाच्या आट्यात सुमारे 11 ग्रॅम. सडलेल्या तांदळात आणि मैद्यात मात्र ते 3 ग्रॅमहूनही कमी. म्हणजे भांडण ज्वारी आणि गव्हाचे नाही. भांडण आहे ते अख्ख्या धान्याचे आणि पांढऱ्या केलेल्या धान्याचे. ज्वारीचे आणखी एक वैशिष्ट्य असे की तिच्यातील पिष्टाचा काही अंश लहान आतड्यात न पचता पुढे जातो आणि जीवाणूंच्या उपयोगी पडतो. शिजलेले पिष्ट थंड झाले की हा अंश वाढतो. त्यामुळे ताकात कुस्करलेल्या शिळ्या भाकरीची न्याहारी ही काही कमीपणाची गोष्ट नव्हे. भाकरी नीट झाकून ठेवलेली आणि बुरशी न धरलेली असली म्हणजे झाले. जवसात वनस्पतिजन्य ओमेगा-3 मेदाम्ल भरपूर असते. मेंदूला लागणाऱ्या रूपात त्याचा अल्पांशच बदलतो, तरी शाकाहारी घरातील तो चांगला स्रोत होय.

ताकाची थोरवी आयुर्वेदाने सांगितली आहे. ग्रहणी आणि अर्श यांवर चरकसंहितेने ताक सांगितले आहे. त्या काळी जीवाणू ठाऊक होते असा दावा करण्याची गरज नाही. सूक्ष्मदर्शक नसतानाही निरीक्षणाने इतके अचूक अनुमान बांधता आले, हेच मोठेपण पुरेसे आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 36 निरोगी प्रौढांपैकी काहींना 10 आठवडे दही, ताकासारखी पेये, आंबवलेल्या भाज्या असे पदार्थ वाढवून दिले. त्यांच्या आतड्यातील जीवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील दाहदर्शक 19 प्रथिने घटली. ज्यांना केवळ तंतू वाढवून दिले, त्यांच्यात इतक्या थोड्या काळात विविधता सरासरीने वाढली नाही. वर्षानुवर्षे उपाशी असलेली वस्ती दोन महिन्यांत भरत नाही, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

मग हे ताट मोडले कसे? त्याचा दोष केवळ सुनेच्या आळसावर किंवा नातवंडांच्या नूडल्सवर टाकणे अन्यायाचे होईल. त्याची मुळे शेतात आहेत. ज्वारीचा देशातील पहिला संकरित वाण 1964 मध्ये आला. 20 ऑक्टोबर 1969 रोजी अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पापळ गावी जन्मलेले, अमरावतीच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे संस्थापक आणि देशाचे माजी कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव त्या विद्यापीठाला आहे, आणि ज्वारी हे त्याच्या संशोधनातील एक प्रमुख पीक. पुढील दशकांत मात्र खरिपाच्या शेतात सोयाबीन पसरले. ते लवकर हाती येते आणि रोख पैसा देते. ज्वारीला पाखरे आणि रानडुकरे राखावी लागतात, कापणी-मळणीला माणसे मिळत नाहीत, आणि ऐन काढणीत पाऊस लागला की दाणा काळा पडून भाव जातो. त्याच काळात रेशनच्या दुकानात गहू आणि तांदूळ मिळू लागला. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर दावणीची जनावरे घटली आणि जनावरांबरोबर घरचे ताक गेले. एका पिकाच्या जाण्याने भाकरी आणि ताक हे ताटातील दोन्ही खांब हलले. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, ज्वारीच्या पाककृतींचे मेळे भरले. पण ज्वारी परवडल्याखेरीज शेतकरी ती पेरणार नाही, आणि शहरातील ग्राहकाने योग्य भाव दिल्याखेरीज ती परवडणार नाही.

ताटातील उणीव

जुन्या ताटाचे गुण गाताना त्यातील एक मोठी उणीव झाकून ठेवणे योग्य नाही. ती म्हणजे ब-12 जीवनसत्त्व. हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करीत नाहीत, प्राणीही करीत नाहीत. ते केवळ सूक्ष्मजीव करतात. गाईम्हशींच्या पोटातील जीवाणू ते बनवतात आणि दुधातून ते माणसाला मिळते. माणसाच्या मोठ्या आतड्यातील जीवाणूही ते बनवतात, परंतु त्याचे शोषण होते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे आधीच्या टप्प्यावर. शेत चढावर आणि विहीर उतारावर, तशी गत होते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 441 मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत ब-12 कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण 81 टक्के होते. वय वाढले की जठरातील आम्ल घटते आणि अन्नातून ब-12 सुटे होणे अवघड जाते. मधुमेहासाठीची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर त्यात भर पडते. पायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, उदासी आणि विसराळूपणा ही या कमतरतेची लक्षणे आहेत. घरातील मंडळी त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देतात, आणि बरा होऊ शकणारा माणूस बरा होण्याची वेळ टळून जाते. ब-12 वेळीच दिले तर सुधारणा होते. उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी कायमची राहते. दूध-दही रोज हवेच. मात्र पातळ ताकाच्या एका पेल्याने ही गरज भागत नाही. अंडी चालत असतील त्यांनी ती घ्यावीत. शाकाहारी ज्येष्ठांनी रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी किंवा इंजेक्शन घ्यावे. त्यात शाकाहाराचा पराभव नाही. स्वतःच्या आहाराची जबाबदारी घेणे आहे.

मर्यादांचे भान

आरोग्याच्या विषयात अतिशयोक्तीचा बाजार मोठा आहे, म्हणून या संशोधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तरुण उंदरांच्या आतड्यातील जीवाणू म्हाताऱ्या उंदरांना दिल्यावर त्यांच्या मेंदूतील वार्धक्याच्या काही खुणा मागे हटल्या, असे कॉर्कच्याच शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये दाखवले. परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांवरील निष्कर्ष संमिश्र आहेत. युरोपातील पाच देशांतील 612 वृद्धांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींना वर्षभर भाज्या, कडधान्ये, अख्खे धान्य, फळे, मासे आणि ऑलिव्ह तेल यांवर भर असलेला आहार देण्यात आला. ज्यांनी तो काटेकोर पाळला, त्यांच्या जीवाणूंत इष्ट बदल झाले, आणि त्या बदलांसोबत कमी अशक्तपणा आणि बरी आकलनशक्ती आढळली. लंडनच्या किंग्ज कॉलेजने 2024 मध्ये 36 वृद्ध जुळ्यांच्या जोड्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. तंतूंची पूड 12 आठवडे घेतलेल्यांची स्मरणचाचणी थोडी सुधारली. स्नायूंची ताकद मात्र वाढली नाही. याउलट अमेरिकेत 604 वृद्धांना तीन वर्षे मेंदूपोषक म्हणून आखलेला आहार देऊनही तुलनेच्या गटापेक्षा लक्षणीय फरक पडला नाही, असा निष्कर्ष 2023 मध्ये आला.

सर्वांत आश्वासक ठरला तो फिनलंडमधील प्रयोग. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात 1260 वृद्धांपैकी निम्म्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असे सर्व एकत्र दिले. त्यांची बौद्धिक क्षमता दुसऱ्या गटापेक्षा चांगली राहिली. यावरून एवढेच म्हणता येते : कोणताही एक पदार्थ स्मृतिभ्रंश बरा करीत नाही. जीवाणूंच्या महागड्या कुप्या आणि पुड्या घेऊन स्मरणशक्ती टिकते, याला पुरेसा पुरावा नाही. चांगले ताट हे औषध नव्हे. ते मशागत केलेले रान आहे. पीक येण्यासाठी इतरही बरेच काही लागते, परंतु मशागतीवाचून पीक येत नाही.

घरोघरी करण्याजोगे

पहिली गोष्ट विविधतेची. आठवड्यात धान्ये दोन-तीन असावीत, डाळी-कडधान्ये बदलती असावीत, रोज एक पालेभाजी असावी. वरूड-मोर्शीची संत्री रस काढून न घेता फोडी करून खावीत. जवस भाजून, कुटून खावे. अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात.

दुसरी गोष्ट सावकाशीची. अनेक वर्षे मऊ खाणाऱ्याने एकदम उसळींवर येऊ नये; पोट फुगते आणि प्रयोग तिथेच संपतो. प्रमाण आठवड्या-आठवड्याने वाढवावे आणि पाणी पुरेसे प्यावे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात पाण्यातूनच क्षार पोटात जातात. तेथे ताक अळणी प्यावे, लोणचे-पापड मोजके ठेवावेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डाळीचे आणि फळांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. मधुमेहींनी भाकरीही मोजूनच खावी. ज्वारी झाली तरी ती साखर वाढवतेच.

तिसरी गोष्ट दातांची. कवळी सैल झाली म्हणून ताट सुटते, आणि ते कोणी बोलून दाखवत नाही. दात दुरुस्त होईपर्यंत ज्वारीच्या कण्या, आंबील, उकडपेंडी, ताकात भिजवलेली भाकरी, शिजवून घोटलेली पालेभाजी असे मऊ तरीही सकस प्रकार करता येतात. गिळताना वारंवार ठसका लागत असेल, तर मात्र आधी तपासणी व्हावी.

चौथी गोष्ट औषधांची. सर्दी-पडशाला दुकानातून आणलेले प्रतिजैविक घेतले की रोगजंतूंबरोबर पोटातील वस्तीही कापली जाते. ॲसिडिटीची गोळी किती काळ घ्यायची, हे डॉक्टरांना विचारावे. विसराळूपणा वाढला तर ब-12, थायरॉइड, साखर, रक्तदाब आणि कान यांची तपासणी प्रथम करावी. माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला तर तो म्हातारपणाचा परिणाम समजू नये. जंतुसंसर्ग किंवा रक्तातील सोडियमची घट हे कारण असू शकते आणि तातडीने उपचार लागतात.

पाचवी गोष्ट हालचालीची. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना 1914 मधील. ज्या नगरीने व्यायामाची इतकी दीर्घ परंपरा राखली, तेथील ज्येष्ठांनी रोज अर्धा तास चालू नये, हे शोभणारे नाही.

शेवटची गोष्ट सोबतीची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. एकटा माणूस स्वतःसाठी स्वयंपाक करीत नाही. तो भूक मारतो. दोन शेजारी ज्येष्ठ कुटुंबांनी आठवड्यातून तीन दिवस जेवण एकत्र करावे. एका घरी भाकरी, दुसऱ्या घरी भाजी-वरण. श्रम निम्मे होतात आणि ताट दुप्पट होते. सुटीत आलेल्या नातवंडांनी आजीच्या हाताखाली अंबाडीची भाजी शिकावी. आजीच्या स्मरणाला त्याहून चांगला व्यायाम नाही.

दूरगावी असलेल्या मुलामुलींचे रोज रात्री फोन येतात. 'आई, जेवलात का?' असे ते विचारतात. पलीकडून 'हो' येते, आणि दोन्ही बाजूंचे समाधान होते. चहा-टोस्ट खाल्लेली आईही 'हो'च म्हणते. म्हणून आज रात्रीपासून प्रश्न बदलावा : 'आई, आज ताटात काय काय होते, आणि जेवायला सोबत कोण होते?'